मदत हवी आहे: कानावरच्या कडक गाठीचा नमुना नाशिकमध्ये कुठे तपासतात?

वडिलांच्या (वय ६४) उजव्या कानाच्या वरच्या कडेवर तीन गाठी होत्या, एक काढली, दोन आहेत. गाऊटच्या (युरिक अॅसिडचे स्फटिक साचून होणारा आजार) असाव्यात अशी शंका आहे. मोठी साधारण ५ मिमी. बोटाला खडा लागतो, दाबलं तरी दुखत नाही. कातडी ताणली की खाली खडूसारखा पांढुरका रंग दिसतो. त्या कुशीवर झोपूनही त्रास नाही, म्हणजे दाबाने होणारी कूर्चेची दुखरी गाठ वाटत नाही. कान तिथे टोचलेला नाही, मार नाही, खपली किंवा रक्तही नाही.

युरिक अॅसिड ८.९, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.३. पायाचा अंगठा दोनदा सुजला होता. अॅलोप्युरिनॉल (युरिक अॅसिड कमी करणारी गोळी) १०० मिग्रॅ सहा आठवडे चालू आहे. गाठी विरघळायला महिने लागतात, त्याची घाई नाही.

घोळ नमुन्याचा झाला. काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या नेहमीच्या द्रावणात) गेली. त्यातल्या पाण्यात युरेटचे (युरिक अॅसिडच्या क्षाराचे) स्फटिक विरघळतात, त्यामुळे रिपोर्टमध्ये 'स्फटिक दिसले नाहीत' एवढंच आलं. त्यावरून गाऊट नाही असं म्हणता येत नाही. आता सुईने थोडा पांढरा भाग काढून थेट काचपट्टीवर बघायचा, किंवा तुकडा अॅब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये (त्यात पाणी नसतं) द्यायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. मुंबई-पुण्याला नेणं सध्या शक्य नाही.

कॉलेज रोड, पंचवटी किंवा नाशिकरोडकडे कोणत्या लॅबमध्ये पोलराइज्ड मायक्रोस्कोप (ज्यात हे स्फटिक ओळखता येतात) आहे, आणि अल्कोहोलमधला नमुना ते घेतात का?