स्कूबी-डूचे २५ भाग : आठवणीतच बरे होते का?

डोंबिवलीकर (मूळ लेखन)

‘स्कूबी-डू, व्हेअर आर यू!’ या १९६९-७० च्या मूळ कार्टून मालिकेचे (स्कूबी-डू हा कुत्रा आणि त्याचे चार तरुण सोबती भुताखेतांच्या रहस्यांचा छडा लावतात) सर्व २५ भाग असलेला डीव्हीडी संच आणला आणि दिवाळीच्या सुट्टीत आठ वर्षांच्या मुलाबरोबर तीन दिवसांत संपवायला घेतला. नव्वदच्या दशकात कार्टून नेटवर्कवर जे मी जीव मुठीत धरून पाहत असे, ते आता कंटाळवाणे वाटले, हे लिहिताना वाईट वाटते. पळापळीत मागे तीच खिडकी पुन्हा पुन्हा सरकते, सोबत्यांपैकी वेल्माचा चष्मा पडतो आणि मुखवटा ओढला की चोर निघतो. सहाव्या भागानंतर मुलगा उठून गेला. ही मालिका आठवणीतच राहू द्यावी.

साताराकर

आपले मत वाचून राहवले नाही. ही मालिका सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी, आठवड्याला एक भाग या हिशेबाने दाखवली गेली. ती तीन दिवसांत संपवून तोचतोचपणाची तक्रार करणे म्हणजे फराळाचा अख्खा डबा एका बैठकीत संपवून चकलीला नावे ठेवणे होय. शिवाय प्रत्येक भाग तसा नाही. जत्रेतल्या यंत्रमानवाच्या भागात मुखवट्याआड कोणी माणूसच नसतो.

आमच्या गावी ओढ्याकाठच्या पडक्या वाड्यात रात्री दिवा हलतो, अशी वदंता होती आणि आजी आम्हाला तिकडे फिरकू देत नसे. खाणकामगाराच्या भुताचा भाग आपण पाहिला असेलच. जमिनीत तेल असल्याचे लपवण्यासाठी तो मनुष्य भूत होऊन लोकांना पळवून लावतो. तो पाहिल्यावर मी घरात पहिल्यांदा विचारले की, वाड्याकडे कोणी जाऊ नये यात फायदा कोणाचा? पुढच्या उन्हाळ्यात उघड झाले की, तिथल्या सागवानी तुळया रात्रीतून काढून नेल्या जात होत्या. खुद्द खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी या मालिकेतल्या चिकित्सक वृत्तीची वाखाणणी केली होती.

एडिसनवासी

एका वाड्यावरून मालिका थोर ठरत नाही. स्कूबी-डूच्या याच मंडळींच्या मागे १९८५ च्या नंतरच्या मालिकेत खरीखुरी भुते लावली गेली, तेव्हा विवेकवादाचे श्रेय जपून द्यावे. माझा खरा आक्षेप मात्र ध्वनिमुद्रित हशाला आहे. पाणबुड्याच्या वेषातले कॅप्टन कटलरचे चमकणारे भूत समुद्रातून वर येते, अंगावर काटा येऊ लागतो आणि लगेच कोणीतरी अदृश्य माणसे हसतात. कार्टूनमध्ये प्रेक्षागृह नसताना हसणारे आले कोठून?

साताराकर

तो हशा मूळ प्रक्षेपणातही होता. डीव्हीडीवर तो काढून टाकला असता, तर आपणच मोडतोडीची तक्रार केली असती.

जुनी प्रेक्षक

लहानपणी मी जे भाग पाहिले, त्यांत हशा नव्हता, हे मी शपथेवर सांगते. संध्याकाळी वीज गेली की त्या भागातला वारा आणि दाराची करकर मला अंधारात ऐकू येत असे. हशा असता, तर तोही आठवला असता. नवी डीव्हीडी लावली आणि जणू आमच्या खोलीत परकी माणसे येऊन बसली.

साताराकर

ताई, आपल्या आठवणीने मूळ मालिका बदलत नाही. माझी मुलगी त्याच हशामुळे शेवटपर्यंत बसली; कोणी हसत आहे, म्हणजे फार वाईट होणार नाही, असे तिने मला सांगितले.

जुनी प्रेक्षक

माझी आठवण खोटी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मुलांना भीती पेलता येत नाही, हे गृहीत धरूनच मोठी माणसे असा हशा भरतात. मला ती भीती हवी होती, कारण मुखवटा निघाल्यावरचा सुटकेचा श्वास तिच्यामुळेच खोल असे.

साताराकर

शब्द कठोर गेला, मागे घेतो. पुढे काही वाहिन्यांनी हशा काढूनही भाग दाखवले, त्यामुळे आपण ऐकले ते तसे असू शकते. मात्र डीव्हीडीवर मूळ रूपच असावे, यावर मी ठाम आहे.

डोंबिवलीकर

मूळ प्रश्न हशाचा नव्हता. तरीही सलग पाहण्यात माझी चूक झाली, एवढे नाइलाजाने मान्य करतो. काल मुलाने स्वतःहून विचारले की, त्या खाणीत भूत कोण होते. मी उत्तर दिले नाही. शनिवारी तो एकच भाग लावणार आहे. पार्श्वभूमीतली खिडकी मात्र तीच आहे, हे माझे म्हणणे कायम आहे.