चोरीच्या सॉफ्टवेअरची तक्रार : केलीत का, झाली का? (अनुभव धागा)

कडकभाकरी (धागाकर्ता)
भाचा सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात ड्रॉइंगला होता. नोकरी सुटली, दोन महिन्यांचा पगार अडकला. आता म्हणतो, "मामा, तिथं सगळं सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं, म्हणजे लायसनचं कुलूप तोडून वापरलेलं आहे, तक्रारच ठोकतो." मी अजून हो-नाही काही बोललो नाही. कुणी अशी तक्रार केली असेल किंवा कुणावर झाली असेल, इथं नाहीतर परदेशात, तर सविस्तर लिहा. ऐकीव किस्से नकोत.

नवीपेठ_डीटीपी
आमच्यावर झाली नाही, पण झाल्यासारखी झाली. लग्नपत्रिका, हँडबिलं, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत स्टॉलचे फ्लेक्स, असं आमचं दुकान. २००४ साली असेंबल केलेला पीसी घेतला तो 'भरूनच' आला. काय काय टाकू हेसुद्धा जोडणाऱ्यानं विचारलं नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू एकच, मराठी फाँट. तीही डोंगल (संगणकाला लावायची किल्लीवजा डबी) लावल्याशिवाय उघडायची नाही म्हणून.

एका दुपारी शर्ट इन केलेले दोघं आले. "कंपनीकडून तपासणी आहे, तुमची तक्रार आलीय, पंचवीस हजारांत मिटवू." मला घाम फुटला. शेजारचा झेरॉक्सवाला खमक्या, म्हणाला, "काय बे, पत्र दाखव की." पत्र नव्हतं. पाणीही न पिता गेले. ते दोघं खोटे होते, माझ्या दुकानातला माल मात्र खराच चोरीचा होता. महिन्याभरात बिलासकट लायसन घेतलं.

काळाकोट
झेरॉक्सवाल्याला माझ्याकडून चहा. पोलीस किंवा कोर्टानं नेमलेला कमिशनर सोबत नसेल तर तुमच्या पीसीला कुणी हात लावू शकत नाही. पण कायदा दिसतो तितका मवाळ नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब : चोरीची प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून फक्त दंड लावू शकतं. कलम ६४ प्रमाणे फौजदार किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय प्रती जप्त करू शकतो. आणि कलम ६३ चा, म्हणजे जाणूनबुजून कॉपीराइट मोडल्याचा, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय.

भाच्याला सांगा, पगाराचा अर्ज कामगार आयुक्तांकडं. ही तक्रार वेगळी. दोन्ही एका कागदात घातली की समोरचा वकील 'सूडबुद्धी' हा शब्द पहिल्याच परिच्छेदात टाकतो. मीही टाकला असता.

मागावरचा
मी केली. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात डिझायनर होतो. आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवायचे, त्यावरून कार्डं पंच करायची. इलेक्ट्रॉनिक जकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) आल्यावर सगळं संगणकावर. मागाला मालकानं लाखो मोजले, डिझाइनचं सॉफ्टवेअर मात्र सुरतेहून कुणीतरी पेनड्राइव्हवर आणलेलं. ते मधेच बंद पडायचं. रात्रपाळीला डिझाइन उडालं की शिव्या मला. दोनदा लेखी मागणी केली. उत्तर : "चालतंय ना? मग?"

तिसऱ्यांदा उडालं तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवरचा तक्रारीचा फॉर्म भरला. विचारलं काय होतं : कारखान्याचं नाव, किती मशिनवर, कोणती आवृत्ती, तुम्हाला कसं माहीत, नाव गुप्त ठेवायचं का. मी 'हो' वर टिक केली. चार महिने काही नाही. मग मालकाला पत्र आलं, खरेदीची बिलं दाखवा म्हणून. धाडबिड पडली नाही. मालकानं सीएला बोलावलं, घासाघीस झाली आणि तीन लायसन्स आली. संगणकसुद्धा नवे आले.

मला एक पैसा मिळाला नाही, मागितलाही नव्हता. पण ते चार महिने डबा खाताना कुणी माझ्याकडं बघितलं तरी घास अडकायचा.

ऱ्हाइनकाठचा सोलापूरकर
जर्मनीत तक्रारदार लागतच नाही. विद्यार्थी असताना एक गेम टॉरंटवरून उतरवला. टॉरंट उतरवताना तुकडे दुसऱ्यांना वाटतही असतो, आणि हक्कदाराची माणसं तिथं बसून आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे नंबर) टिपत असतात. वकिलाचं पत्र आलं, तेही ज्याच्या नावावर इंटरनेट होतं त्या रूममेटला! पैशाची मागणी, वर 'पुन्हा करणार नाही' असं सहीचं हमीपत्र. 'अबमानुंग' म्हणतात त्याला. जुळे सोलापुरात रात्रभर डाउनलोड लावून झोपायची सवय, ती एका पत्रात गेली.

टेक्सासवाली
इकडं बक्षीस आहे. बीएसए ही सॉफ्टवेअर कंपन्यांची संघटना, १९८८ पासूनची. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपनीची खबर देणाऱ्याला दहा लाख डॉलर'पर्यंत', असं २००७ मध्ये जाहीर केलं होतं. खरा जीव त्या 'पर्यंत' मध्ये. आधी त्यांनी प्रकरण हाती घ्यायचं, तडजोडीचे पैसे वसूल व्हायचे, मग त्यातून तुमचा वाटा. आमच्या ऑफिसात एकानं नोकरी सोडताना फॉर्म भरला, आणि वर्षभर रोज ईमेल बघत बसला. आलं काहीच नाही.

पार्कचौक
डिझाइनला इंकस्केप, फोटोला जिंप, कागदपत्रांना लिब्रे ऑफिस. फुकट आणि कायदेशीर. बाकी चालू द्या.

नवीपेठ_डीटीपी
@पार्कचौक, जुन्या फाँटातल्या दहा वर्षांच्या पत्रिका त्यात उघडून दाखवा, मग बोलू.

कडकभाकरी
@मागावरचा, मालकाला कळलं का शेवटी?

मागावरचा
विचारलं कधीच नाही. नवीन सॉफ्टवेअरचं ट्रेनिंग होतं तेव्हा म्हणाले, "जा, तुलाच जास्त माहिती आहे ह्यातली." अजून कळलं नाही, कसं म्हणाले ते. मी जाऊन आलो.