सासूबाईंचा पासवर्ड सासऱ्यांच्या नोंदीत जाऊन बसला, आता काय करू?

कंदीपेढा (सातारा)

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात पासवर्ड म्हणजे विमा एजंटने दिलेली २०१४ ची डायरी. सगळं सासऱ्यांच्या अक्षरात, एकेका पानावर चार-चार वेळा खोडलेलं, आणि त्यातला चालू कुठला हे फक्त त्यांनाच ठाऊक. गणपती झाल्यावर मी मनावर घेतलं, लॅपटॉपवर बिटवॉर्डन हा पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलपात सांभाळणारं ॲप) टाकला आणि दोन रविवार बसून ६३ नोंदी भरल्या. वीजबिल, गॅस, लेकाची शाळा, सगळं.

आता घोटाळा ऐका. सासू-सासऱ्यांची खाती एकाच बँकेत, पण नेटबँकिंग वेगवेगळं. परवा सासूबाईंचा पासवर्ड बदलायला घेतला. बिटवॉर्डनच्या जनरेटरने २४ अक्षरांचा नवा काढून दिला, दोन्ही रकान्यांत टाकला, साइट म्हणाली बदलला. वर बिटवॉर्डनची पट्टी आली, लॉगिन अपडेट करायचं का. कुकरची तिसरी शिट्टी झालेली, मी नाव न वाचता 'अपडेट' दाबलं आणि गॅस बंद करायला पळाले.

काल सासरे पेन्शन जमा झालं का बघायला बसले. पासवर्ड चुकीचा. परत टाकला, परत चुकीचा. मी त्यांची नोंद उघडली तर त्यात तो २४ अक्षरी! सासूबाईंच्या नोंदीत मात्र अजून जुनाच. मग त्या २४ अक्षरांनी सासूबाईंचं तरी उघडेल म्हणून बघितलं, तर तेही दोनदा नाही म्हणालं. आता दोघांचीही एकेकच संधी उरलीय, चुकली की खातं २४ तास बंद. 'पासवर्ड विसरलात' करावं तर डेबिट कार्डं कोरेगावच्या घरी राहिलीत.

सासरे ती डायरी कपाटातून काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवून गेले. बोलले काहीच नाहीत, तेच जास्त लागलं.

जुना पासवर्ड परत मिळतो का? आणि सासूबाईंचं काय झालं असेल?

लॅचकी

सासऱ्यांचं सोपं आहे. त्यांची नोंद उघडा आणि तळाशी जा, पासवर्ड हिस्टरी दिसेल. बिटवॉर्डन प्रत्येक नोंदीचे मागचे पाच पासवर्ड तारखेसकट ठेवतं. जुना तिथून उचला, पण त्याआधी तो २४ अक्षरी सासूबाईंच्या नोंदीत हलवा. मग सासऱ्यांचा जुना जागेवर ठेवून सेव्ह करा. लॉगिनची घाई त्यानंतर.

झालं कसं ते सांगतो. पासवर्ड बदलायच्या पानावर बहुतेक साइट्स युजरनेमचा रकानाच देत नाहीत. जुना, नवा, पुन्हा नवा, संपलं. एकाच पत्त्यावर दोन खाती असली की खुर्चीत कोण बसलंय ते मॅनेजरला दिसत नाही. म्हणून अशा ठिकाणी मी त्या पट्टीच्या नादी लागत नाही. आधी ज्याचं खातं त्याची नोंद उघडतो आणि जुना पासवर्ड साइटच्या पहिल्या रकान्यात टाकतो. मग नोंदीतच नवा तयार करून सेव्ह, आणि तिथून कॉपी करून उरलेल्या दोन रकान्यांत. एवढं झालं तरी ती खिडकी बंद करत नाही. ब्राउझरच्या दुसऱ्या, प्रायव्हेट खिडकीत (तिथे आधीचं लॉगिन चालू नसतं) जाऊन नव्या पासवर्डने एकदा आत शिरून बघतो. लॅचचं दार ओढून घ्यायच्या आधी खिशातली किल्ली चाचपतोच ना आपण?

नोंदींची नावंही बदला. दोन्हींवर नुसतं बँकेचं नाव असेल तर पुढच्या शिट्टीला पुन्हा हेच होईल.

कंदीपेढा

सासऱ्यांचं उघडलं!! पेन्शन जमा आहे, चहा मिळाला. आता 'बँक आई' आणि 'बँक बाबा' अशी नावं दिलीत. सासूबाईंचं अजून अडलेलंच आहे, शेवटची संधी वापरायचा धीर होत नाही.

निवृत्त_कोडर

वापरू नका. २४ अक्षरं हीच गोची असणार.

पासवर्ड बदलायच्या पानावर रकान्याला कमाल अक्षरांची मर्यादा घातलेली असते. पेस्ट केलं की त्यापुढचं गुपचूप गळून जातं. पडद्यावर ठिपकेच दिसतात आणि ठिपके कोण मोजत बसतंय? दोन्ही रकान्यांत सारखंच गळतं, त्यामुळे 'जुळत नाही' अशी तक्रारही येत नाही. लॉगिनच्या पानावर मात्र मर्यादा घालायची राहून गेलेली असते, तिथे पूर्ण २४ जातात आणि नकार येतो. तुम्ही काय दिलंत ते मॅनेजरला माहीत आहे, साइटने त्यातलं किती घेतलं ते त्याला कळायला मार्ग नाही.

बँकेच्या मदतीच्या पानावर पासवर्डचे नियम बारीक अक्षरांत असतील, किती ते किती अक्षरं चालतात ते बघा. कमाल आकडा असेल तेवढीच पहिली अक्षरं घ्या. नोटपॅडमध्ये मोजा आणि नोटपॅड सेव्ह न करता बंद करा.

खरं सांगायचं तर नोकरीत असताना असला रकाना मीही लिहिलाय. १५ अक्षरांचा, कारण आधीच्या माणसाने डेटाबेसमधला कॉलम तेवढाच ठेवला होता. आता लाज वाटते. पासवर्ड नीट हॅश करून, म्हणजे उलट फिरवता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवला तर आठ अक्षरांचा असो की ऐंशीचा, साठवली जाणारी लांबी एकच असते. त्यामुळे एवढी तोकडी मर्यादा दिसली की आत तो कसा ठेवलाय अशी शंका येते. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की पासवर्ड कापायचा नाही, निदान ६४ अक्षरं घेता आली पाहिजेत आणि पेस्ट करू द्यावं. दर ठरावीक दिवसांनी बदलायची सक्ती नको, हेही त्यातच आहे. आपल्याकडे अजून ९० दिवस झाले की लाल अक्षरांत धमकी.

नियमावली

मधेच बोलते, राग नसावा. दुसऱ्याचा नेटबँकिंग पासवर्ड आपल्याकडे ठेवणं बँकेच्या अटींत बसत नाही, सून असलात तरी. उद्या काही झालं तर बँक पहिला प्रश्न हाच विचारेल.

कंदीपेढा

पटतंय. सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात, ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो आणि त्या मोठ्याने वाचतात, अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल इतक्या. पण पुढच्या महिन्यात दोघांना बिटवॉर्डनची त्यांची-त्यांची वेगळी खाती काढून देते, ते उघडायचा मास्टर पासवर्ड त्यांनीच ठरवायचा.

बेळगावी_कुंदा

मास्टर पासवर्ड विसरला तर बिटवॉर्डनवाले काढून देऊ शकत नाहीत, हे दोघांना आधी सांगा हं. कागदावर लिहून दागिन्यांच्या डब्यात ठेवला तरी चालेल. चोर डबा नेईल तेव्हा त्या कागदाकडे बघणार पण नाही.

मी स्वतः कीपासएक्ससी हा दुसरा पासवर्ड मॅनेजर वापरतो. माझ्या एका साइटवर पेस्ट बंद केलंय, राइट क्लिक केलं की दम देते. कीपासचं ऑटो-टाइप तिथे कामाला येतं, ते बोटांनी टाइप केल्यासारखं एकेक अक्षर पाठवतं, साइटला पत्ता लागत नाही.

आणि सासऱ्यांना मॅनेजरचा खरा उपयोग पटवायचा असेल तर 'आज रात्री साडेनऊला वीज तोडणार' वाल्या मेसेजची गोष्ट सांगा. खोटी साइट दिसायला हुबेहूब असते, पण तिचा पत्ता वेगळा. माणूस फसतो. मॅनेजर पत्ता बघतो, जुळला नाही की पासवर्ड भरायचं नाव काढत नाही. नेहमी भरणारा अचानक गप्प बसला तर आधी वरचा पत्ता वाचायचा.

लॅचकी

+१. गप्प बसला म्हणून हाताने कॉपी-पेस्ट करणारे मात्र घरोघरी आहेत. माझा भाऊ त्यातलाच.

कंदीपेढा

निवृत्त_कोडर, तुमच्या तोंडात साखर पडो! मदतीच्या पानावर अगदी तळाला होतं, '८ ते १६ अक्षरे'. पहिली १६ मोजली, सासूबाईंनी पुन्हा मोजली, त्यांना १५ भरली, मग दोघींनी मिळून पेन्सिलचं टोक पडद्यावर ठेवून मोजली. शेवटच्या अक्षरानंतर चुकून स्पेस आलीय का तेही बघितलं. एंटर मीच दाबलं, त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

उघडलं.

लगेच 'बँक आई'मध्ये १६ अक्षरांचा दुरुस्त करून ठेवला आणि प्रायव्हेट खिडकीत जाऊन पुन्हा एकदा आत शिरून आले. चाचपडताना दोन जादा नोंदी झाल्या होत्या त्या कचरापेटीत टाकल्या. तिथे ३० दिवस राहतात म्हणे, म्हणजे त्यातही चुकले असेन तर वेळ आहे.

डायरी अजून टेबलावरच आहे. संध्याकाळी बघितलं तर सासऱ्यांनी कोऱ्या पानावर लिहून खाली दोनदा रेघ मारली होती : 'बँक. कमाल १६. कुकर आधी बंद करणे.'