बोलताना हात थांबतात का तुमचे? (अनुभव लिहा)

कुंडीतला_निवडुंग
काल गवार मोडायला बसले होते, लेक समोर. सोसायटीतल्या टँकरच्या भांडणाची हकिकत रंगात आली होती, तर ती म्हणते, "आई, मघापासून तीच शेंग धरून बसलीयेस." बघते तर खरंच! अर्धी मोडलेली, शिरेला लोंबकळतेय. एकदम माझी आई आठवली. विळीवर बसून कुणाच्या भांडणाचं सांगायला लागली की कांदा पात्याला टेकलेला तसाच. बाबा आतून ओरडायचे, "अगं, आधी चीर, मग त्यांची मारामारी लाव!" तुमच्याकडे आहे का कुणी असं?

ताकपीठ
आमच्याकडे उलटं. नवरा बोलायला लागला की हात सुटतात. गेल्या गणपतीत अख्खी वाटी पंचामृत गुरुजींच्या उपरण्यावर. फोनवरही मोकळा हात हवेत. पलीकडच्याला दिसतंय थोडंच!

सव्वाशेर
नावं ठेवू नका हो त्यांना. जन्मांध माणसंही बोलताना हातवारे करतात, समोरचाही आंधळा आहे हे माहीत असताना! १९९८ मध्ये छापून आलाय तो अभ्यास. म्हणजे बघून शिकलेलं नाही ते.

चिमणराणी
मी कात्रीने कापताना माझा जबडा हलतो. आई गं, लिहून टाकलं एकदाचं.

सव्वाशेर
@चिमणराणी, डार्विनने १८७२ मध्येच टिपून ठेवलंय हे. लिहायला शिकणारी पोरं बोटांबरोबर जीभ वळवतात तेही. तुम्ही एकट्या नाही.

तिरकिट
तबल्याचं कुणीच कसं लिहिलं नाही? आमचे सर पहिले सहा महिने हात लावू द्यायचे नाहीत. आधी पढंत. टाळी-खाली हातावर दाखवत तोंडाने बोल म्हणायचे. तोंडात अडखळलं की तबल्यावर हमखास तिथेच अडखळायचं, हे मी शेकडो वेळा अनुभवलंय. पण तेच तोंड दुसरं काही बोलायला लागलं की संपलं. एकदा साधा तीनतालाचा ठेका धरला होता, कुणीतरी विचारलं, "चहा घेणार का?" मी "हो" म्हणालो आणि सोळा मात्रांच्या सतरा झाल्या. सम गेली, गायकाने असं बघितलं! चहाही गार.

ताकपीठ
सतरा मात्रा 😂 हसून हसून पुरेवाट

अर्धा_कप
हसून झालं असेल तर जरा वेगळं लिहिते. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा उजवा हात आणि वाचा एकदमच गेली. डॉक्टरांनी समजावलं, उजवा हात चालवणारा भाग आणि बोलण्याचा भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्याच बाजूला, एकमेकांच्या शेजारी. बोलण्याचा तो भाग ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्ये दाखवून दिला होता म्हणे. "पाणी" म्हणता यायचं नाही. डावा हात तांब्याकडे जायचा, ओठ नुसते थरथरायचे. पण मी "बे एके बे" सुरू केलं की "बे दुणे चार" पासून बे दाहे वीसपर्यंत घडाघडा. आणि शिवी! सुई टोचली की अस्सल कोल्हापुरी, स्वच्छ उच्चारात. नर्स लाजायची, आम्ही मात्र खूश व्हायचो.

कुंडीतला_निवडुंग
अर्धा कप, डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही. आता कसे आहेत?

अर्धा_कप
तीन वर्षं झाली जाऊन. शेवटी शेवटी माझं नाव घ्यायचे.

मोगरा२
❤️
आमच्या सासूबाई चालताना काही विचारलं की जागीच उभ्या राहतात, उत्तर देऊन मगच पाऊल. मला वाटायचं नाटक करतात. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, असं थांबणाऱ्या वयस्कर माणसांना पडायचा धोका जास्त असतो. आता बाथरूमच्या वाटेवर कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही असा घरात नियम आहे.

सव्वाशेर
घरी करून बघा: उजव्या हाताच्या बोटावर काठी तोलायची आणि बोलत राहायचं. १९७१ च्या एका प्रयोगात बोलताना उजव्या हातावरची काठी लवकर पडली, डाव्यावर तसं झालं नाही.

चिमणराणी
लाटणं घेऊन केलं. "सव्वाशेर" एवढंच म्हणाले, अंगठ्यावर पडलं. पायाच्या.

ताकपीठ
बर्फ लाव गं. बोलू नकोस लावताना 😂

मोगरा२
मोदकाच्या कळ्या पाडताना मला कुणाशी बोलता येत नाही, अकराच्या नऊ होतात. पण पारी फाटते ती बोलण्याने नाही, पिठीने. कुठली वापरता सगळ्या?

अर्धा_कप
आंबेमोहोर. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळून आणते. उकड गरम असतानाच मळ.