बारशात मोठ्या भावाला काय करायला द्यावं? (मदत हवी आहे, घाई आहे)

पसारा_आवरते: रविवारी बारसं आहे. मोठा हटून बसलाय, बाळाच्या कानात कुर्र मीच करणार. सासूबाई म्हणतात तो मान आत्याचा. वन्सं काही बोलत नाहीत, पण चेहरा सांगतोय. त्याला दुसरं काय द्यावं? पटकन सांगा.

चकलीचा_सोऱ्या: केवढा आहे? चार की चौदा?

खादाड_नागपूरकर: घुगऱ्यांचे हरभरे शनिवारी रात्रीच भिजत घाला. ऐनवेळी सोडा टाकून शिजवले की नुसता लगदा होतो.

माजघर: आमच्याकडे ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ करताना बाळाच्या आधी वरवंटा फिरवतात, टोपडं घालून. आमच्या लेकाने तोच धरला होता. जाम खूश!

चकलीचा_सोऱ्या: वरवंटा?? पायावर पडला म्हणजे बारसं राहील बाजूला. नारळ द्या.

माजघर: एवढा हलका वरवंटा असतो. तुमच्याकडे पाटाच नसेल.

फायलीत_अडकलेला: नाव ठरलं का? जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते. नाव नसलं तरी होते. पुढे 12 महिन्यांच्या आत नाव घातलं तर शुल्क पडत नाही.

पसारा_आवरते: अहो, नोंद झालीय. मी विचारलं काय, तुम्ही सांगताय काय! मोठा साडेचार वर्षांचा. त्याची ताई दहाची आहे, पण ती समजूतदार, तिचा काही प्रश्न नाही.

जुनी_खोड: ताई आहे हे आत्ता सांगताय! समजूतदार पोरं रुसलेली कुणाला दिसत नाहीत. मी थोरली, माहितेय मला. धाकट्याच्या बारशात दिवसभर आल्यागेल्याच्या चपला लावत होते.

निवांत_काका: मुलगा असेल तर पेढे, मुलगी असेल तर बर्फी. काय झालंय ते तर लिहिलंच नाही.

चकलीचा_सोऱ्या: काका, कोणत्या जमान्यात आहात? आम्ही लेकीचे पेढेच वाटले.

धाकटी_आत्या: आत्यांच्या वतीने बोलते. कुर्र आमचंच, त्यावर तडजोड नाही. पण नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालतात ना, त्यातला पहिला धपाटा त्याचा! माझ्या भाच्याला दिला होता. कुर्र कधी विसरला ते त्यालाही कळलं नाही. पाठ मात्र माझी दुखली.

माजघर: मुलांना मारायला शिकवू नये. वरवंटाच बरा.

जुनी_खोड: आणि ताईला ताटातल्या तांदळावर अंगठीने नाव लिहायला द्या. आधी विचारा मात्र, परस्पर ठरवू नका.

पसारा_आवरते: वन्संना धपाट्याचं सांगितलं, त्या दोन दिवसांनी पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, स्वेटर घालून येते. मोठा आत्तापासून लोडावर सराव करतोय. ताईला विचारलं तर म्हणाली, ‘मला वाटलं माझं काही कामच नाही.’ मला काही सुचेना. वही घेऊन बसलीय आता, अक्षर चांगलं यायला हवं म्हणून. विचारतेय, नाव काय लिहू?

फायलीत_अडकलेला: तेच तर विचारत होतो.

पसारा_आवरते: नवरा एक म्हणतोय, सासूबाई दुसरं. त्यासाठी वेगळा धागा काढते.