'लवचीक' म्हणजे नक्की काय? : त्रिमितीय इलेक्ट्रोडसाठी मराठी शब्द

प्रश्न

एका तांत्रिक लेखाचं मराठीकरण चाललंय. अंगावर चिकटवायच्या, वाकणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्ससाठी सपाट पट्टीऐवजी सुया, खांब, मनोरे अशा आकारांचे इलेक्ट्रोड (वीज आत-बाहेर नेणारे वाहक भाग) कसे घडवतात, हा विषय. मथळा केलाय : 'लवचीक इलेक्ट्रॉनिकीसाठी त्रिमितीय विद्युतअग्रांचे संविरचन'. चूक काही नाही, पण वाचवत नाही. सुचवा.

प्रतिसाद १

'संविरचन' आधी काढा. 'फॅब्रिकेशन' म्हणावं तर मराठीत तो शब्द लोखंडी जाळ्या आणि गेटवाल्यांनी कधीच नेलाय. 'घडवणे' पुरे आहे.

खरी अडचण 'लवचीक'ची. (आणि हो, 'ची' दीर्घच.) एका शब्दात आपण दोन गुण कोंबतो : वाकणं आणि ताणलं जाणं. पॉलिइमाइड या प्लास्टिकची पातळ फिल्म सुरेख वाकते, पण ताणायला गेलात तर फारशी दाद देत नाही. सिलिकोन रबर दोन्ही करतं. २५ मायक्रॉन जाडीची फिल्म ५ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीवर गुंडाळली, तर बाहेरच्या पृष्ठावरचा ताण जाडी भागिले दुप्पट त्रिज्या, म्हणजे जेमतेम ०.२५ टक्के. फिल्मवरचा धातूचा थर एवढं सोसतो. सांध्यावरची त्वचा मात्र याच्या कितीतरी पट ताणली जाते. तिथे तोच थर तडकतो. म्हणून लेखात जिथे नुसतं वाकणं आहे तिथे 'वाकणारे', जिथे ताण आहे तिथे 'ताणक्षम', आणि दोन्हींना मिळून 'लवचीक' ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या हिशेबात एक भर. वाकवलेल्या पट्टीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. मध्ये कुठेतरी एक पातळी अशी असते की तिथे दोन्ही नाही. तिला 'तटस्थ प्रतल' म्हणतात. सपाट तार त्या प्रतलात दडवता येते. उभा खांब कसा दडवणार? त्याचं कामच वर डोकं काढायचं. शिवाय सोन्याचा खांब खालच्या सिलिकोन रबरापेक्षा हजारो पट ताठ. पट्टी वाकली की खांबाखालचा भाग वाकायला तयार नसतो, सगळा ताण बुंध्याभोवती साचतो आणि खांब तिथूनच सुटतो. तुमच्या लेखात 'बेस' असेल तिथे 'पाया' नको, तो खालच्या रबरी पट्टीसाठी राखून ठेवा. खांबाला 'बुंधा' म्हणा, भेग कुठे पडते ते वाचणाऱ्याला लगेच दिसेल.

प्रतिसाद ३

'त्रिमितीय'बद्दल माझा आक्षेप. जाडी कशाला नसते? १०० नॅनोमीटरच्या थरालाही तीन मिती आहेतच. शिल्पात 'उठाव' म्हणतात तसं 'उठावाचे इलेक्ट्रोड' का नको?

प्रतिसाद १ (पुन्हा)

सुया-मनोऱ्यांना छान बसेल. पण बॅटरीत स्पंजसारखा सच्छिद्र इलेक्ट्रोडही त्रिमितीयच म्हणवतो. तिथे उठाव काहीच नाही; पृष्ठफळ सगळं आतल्या भोकांत. शीर्षकात 'त्रिमितीय' राहू द्या, वर्णनात 'उठाव' वापरा.

'विद्युतअग्रा'चं म्हणाल, तर मूळ 'इलेक्ट्रोड' शब्दात 'वाट' आहे. फॅरेडेने १८३४ मध्ये तो ग्रीकवरून घेतला. आपण 'अग्र', म्हणजे टोक घेतलं. सपाट पट्टीला टोक कुठलं, असं वाटतं खरं. पण मेंदूत रुतवायच्या सुईचं अंग विसंवाहक थराने झाकून फक्त टोक उघडं ठेवतात, तिथे 'अग्र' इतका चपखल शब्द नाही! तरी तो लेखभर पेलणार नाही. 'इलेक्ट्रोड' सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद ४

बॅटरीचा विषय निघालाच आहे तर 'धनाग्र' जपून वापरा. ॲनोडला (ज्या इलेक्ट्रोडमधून वीजप्रवाह आत शिरतो त्याला) पाठ्यपुस्तकी शब्द तो, पण वीज देत असलेल्या बॅटरीत ॲनोड ऋण टोकाला असतो. 'धनाग्र ऋण असते' हे वाक्य छापून आलं की वाचणारा अडकलाच.

प्रश्नकर्ता

छान चाललंय. मथळा आता 'ताणक्षम इलेक्ट्रॉनिक्ससाठी त्रिमितीय इलेक्ट्रोड घडवताना', कारण लेखातली पट्टी सिलिकोन रबराची आहे. एकच राहिलं : गॅलियम-इंडियमचा द्रव धातू सुईतून सोडून उभ्या तारा काढतात. सुमारे १५ अंश सेल्सियसच्या वर तो वितळलेलाच असतो, तरी हवेत क्षणात धरणाऱ्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे उभा राहतो. याला 'छपाई' म्हणू का?

प्रतिसाद २

छपाईत ठसा किंवा कागद डोळ्यांपुढे येतो. इथे नळीतून धार सोडून आकार उभा करायचा आहे. 'रेखणे' म्हणा : 'द्रव धातूने तार रेखली'. आणि 'पापुद्रा' बदलू नका, 'ऑक्साइड-स्तर'पेक्षा तोच बरा.