मदत हवी आहे: १८०५ सालच्या अमेरिकन गावदुकानाची खतावणी जुळत नाहीये

नमस्कार मंडळी,

जुने इंग्रजी हिशेब वाचता येणारं इथे कुणी आहे का? मी न्यूयॉर्क राज्यात, मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीला लागून असलेल्या एका खेड्यात राहते. गावच्या इतिहास मंडळात दर शनिवारी जाते. तिथे एका जनरल स्टोअरच्या १८०४ ते १८०६ च्या वह्या निघाल्या आणि त्या टंकायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तू बँकेत होतीस ना?" (होते, पुण्यात, बावीस वर्षं. पण तिथे रम मापून देत नव्हते.)

दोनच वह्या आहेत. डेबुक म्हणजे आपली रोजकीर्द आणि लेजर म्हणजे खतावणी. खतावणीत डावीकडे 'टू', उजवीकडे 'बाय', थेट बी.कॉम.च्या पहिल्या वर्षासारखं. ते बघून जरा हुरूप आला, पण तो दोन पानंच टिकला. एका शेतकऱ्याच्या नावे एका दिवशीची कीर्द अशी आहे (शिलिंग/पेनी, १२ पेनींचा एक शिलिंग):

टू अर्धा पौंड बोही चहा २/०
टू १ गॅलन मोलॅसिस ४/० (यातला लांबुडका 'एस' मी आठवडाभर 'एफ' वाचत होते. मोलाफसिस!)
टू २ पौंड ८डी खिळे १/६
टू १ क्वार्ट रम १/६
टू ३ यार्ड कॅलिको ९/०

बेरीज १८ शिलिंग. सहा शिलिंगांचा एक डॉलर असं मला सांगितलंय, म्हणजे झाले ३ डॉलर. खतावणीत मात्र २.२५ चढवलेत. एकदा झालं असतं तर चूक म्हटलं असतं, पण पानोपानी असाच पाव हिस्सा गायब आहे. दुकानदार आपल्याच वहीत आपलंच येणं कमी का दाखवेल?

खिळ्यांचंही गौडबंगाल आहे. 'डी' म्हणजे पेनी ना? मग ८ पेनीने दोन पौंडांचे १ शिलिंग ४ पेनी व्हायला हवेत. त्याने १/६ लावलेत. इथे मात्र गिऱ्हाइकाला दोन पेनींना बुडवलंय.

जमेच्या बाजूला रोख जवळजवळ नाहीच. लोणी, अंडी, मेण समजू शकते. (लोणी आणलंय बायकोने, तसं 'पर वाइफ' लिहिलंयही, पण जमा नवऱ्याच्या खात्यात.) पण '६ बुशेल राख' आणि चिंध्या? दुकानदार राख कशाला घेईल? आणि कापडांत 'बाफ्ता' आणि 'हमहम' असे शब्द आहेत. मी बरोबर वाचतेय ना?

पेन्शनर_नाना
ताई, दुकानदार सच्चा आहे, तुमचा भाव चुकलाय. सहा शिलिंगांचा डॉलर न्यू इंग्लंडात. न्यूयॉर्कात डॉलरला आठ शिलिंग, पेनसिल्व्हेनियात साडेसात. स्पॅनिश डॉलर (तेव्हा तिथे चालणारं चांदीचं नाणं) एकच, पण वेगवेगळ्या वसाहतींनी त्याची किंमत आपापल्या शिलिंगांत वेगवेगळी धरली होती. १७९२ च्या कायद्याने डॉलर-सेंट आले तरी खेड्यातला माणूस पुढे कित्येक वर्षं शिलिंगातच बोलत होता.
म्हणजे यॉर्क (न्यूयॉर्कचा) शिलिंग ही डॉलरची चवली समजा, आठवा हिस्सा, साडेबारा सेंट. आता १८ गुणिले साडेबारा करा: २.२५. पुढे पावणेएकोणीस, साडेसदतीस, सव्वासहा असे सेंट भेटले तर दचकू नका, सगळी या चवलीचीच पिल्लं. ज्याने निमकी-पावकी घोकलीय त्याला ही वही सोपी जाईल. स्पॅनिश नाणी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर होती. आपल्याकडे दशमान नाणी त्यानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी आली.

ठोकाठोकी
८डी हा दर नाही हो, खिळ्याचं नाव आहे! एट-पेनी खिळा, लांबी अडीच इंच. आजही हार्डवेअरच्या दुकानात खोक्यावर '८डी' छापलेलं असतं, जाऊन बघा. दर निघाला पौंडाला ९ पेनी. बुडवलं वगैरे काही नाही.

सुताचा_गुंता
शब्द बरोबर वाचलेत आणि दोन्ही आपल्याकडचे. बाफ्ता म्हणजे फारसीत 'विणलेलं'. भडोचचा बाफ्ता नावाजलेला होता. हमहम हे बंगालकडचं जाडंभरडं सुती कापड. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १७९४ च्या जे करारानंतर सेलम, बॉस्टन या अमेरिकन बंदरांची जहाजं कलकत्ता, मुंबई, सुरतेपर्यंत उघडपणे येत होती. तिथून हा माल गावदुकानापर्यंत पोचायचा.
तुमची वही १८०५ ची म्हणून हे शब्द सापडले. १८१६ च्या जकात कायद्यात एक नामी युक्ती होती: सुती कापड कितीही स्वस्त असो, त्याची किंमत चौरस यार्डाला किमान २५ सेंट धरायची आणि त्यावर २५ टक्के जकात. म्हणजे सव्वासहा सेंट. सहा सेंटांच्या कापडावर सव्वासहा सेंट जकात! आपलं जाडंभरडं कापड तिथेच आटोपलं.

राखुंडी
राखेचं मी सांगते. जंगल तोडून शेत करायचं, लाकूड जाळायचं, राख दुकानात द्यायची. त्या राखेची लाय (राखेतून झिरपवलेलं खारं पाणी) लोखंडी कढईत आटवली की पोटॅश नावाचा क्षार. साबण, काच, कापडधंदा, सगळीकडे लागायचं. अमेरिकेचं पहिलं पेटंटच १७९० साली पोटॅशच्या कृतीला दिलंय. शेताच्या पहिल्या वर्षी विकण्याजोगं पीक म्हणजे राखच! चिंध्या कागदाच्या गिरणीत जायच्या, तेव्हा कागद चिंध्यांचाच.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून आठच्या भावाने एकतीस पानं तपासली, सगळी पैशाला पैसा जुळली. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागितली. खिळ्यांचं खोकंही पाहिलं. नवरा म्हणाला, गॅरेजमध्ये पंधरा वर्षं पडलंय.

एकच खातं अजून अडतंय. गिऱ्हाईक वर्षातून दोनदाच येतं, त्याच्या नावापुढे 'लॉफुल' असं काहीतरी लिहिलंय आणि त्याचे आकडे सहाच्याच भावाने जुळतात. नाना, हा हद्दीपलीकडचा मॅसॅच्युसेट्सवाला असेल का?

पेन्शनर_नाना
तोच. न्यू इंग्लंडच्या शिलिंगाला 'लॉफुल मनी' म्हणत. त्या खात्याला वेगळी खूण करून ठेवा, नाहीतर तेरीज (सगळ्या खात्यांची गोळाबेरीज) काढताना पुन्हा घोळ होईल.